लग्नाआधी रक्त तपासा

थंडीने ज्यात हाडांना कळा येतात अशा आजारासाठी पायी फेरी काढायची, आणि ती जानेवारीत, सकाळी सहाला. हे डोकं धम्मदीपचं. त्याच्याच उजाळा मंचाने काढलेल्या पत्रकात लिहिलं होतं, 'रुग्णाने थंडी टाळावी, भरपूर पाणी प्यावे, दगदग करू नये.' ते पत्रक माझ्याच दुकानातल्या मशीनवर निघालं, म्हणून मला पाठ आहे. सिकलसेलचा जागतिक दिवस खरं तर जूनमध्ये येतो. पण जूनमध्ये प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता आणि नगरपालिकेची निवडणूक लांब होती. आता दोन्ही जुळून आलं होतं.

फेरीच्या आठवडाभर आधी तो दुकानात आला. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याने काउंटरवर एक पिवळा टी-शर्ट पसरला. छातीवर 'सिकलसेलमुक्त ब्रह्मपुरी', पाठीवर 'लग्नाआधी रक्त तपासा'. साइज माझी नव्हती. माझ्या अंगाची साइज कोणालाच मिळत नाही, एकतीस वर्षांची झाले तरी मला लहान पोरींचे कपडे होतात.

"ताई, तुमाले जीपमधी बसाचं आहे फक्त," धम्मदीप म्हणाला. "चालाचं नाई. तुमी आमच्या वॉकचा चेहरा आहा."

"चेहऱ्याले काय झालं माह्या? रोग तं रक्तात आहे."

तो हसला. धम्मदीप कशालाही हसतो. शिवी दिली तरी हसेल, फक्त देणाऱ्याचं नाव मतदारयादीत पाहिजे.

"लोक पैसे देऊन राह्यले ना ताई. खेड्यापाड्यातल्या पेशंटायले ब्लँकेट अन् गरम पाण्याच्या पिशव्या वाटाच्या आहे. पेशंट डोयानं दिसला का लोकायचा हात ढिला होते."

म्हणजे पेशंटला ऊब मिळावी म्हणून आधी एका पेशंटला गारठवायचं. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही, कारण मला त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

"बसते," मी म्हटलं. "पण एक अट आहे. फेरी संपते तिथी तपासणीचं टेबल लावणार ना तुमी? त्याच्यावर पहिलं बोट मिथुनचं पाहिजे."

त्याचं हसू जरा अडकलं. मिथुन त्याचा धाकटा भाऊ, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, नंदिनीचा, होणारा नवरा. माजरीला कोळशाच्या खाणीत पर्मनंट आहे. पर्मनंट हा शब्द त्याची आई रंभाबाई असा उच्चारते की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं.

"होऊन जाईल ना ताई, त्यात काय," धम्मदीप म्हणाला आणि टी-शर्ट ठेवून गेला.

त्यात काय आहे ते सांगते. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा रंभाबाईंनी नंदिनीच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला. आमच्याकडे आता ही रीतच पडली आहे, आणि रीत चांगली आहे. रिपोर्टात नंदिनी वाहक निघाली. वाहकाला स्वतःला काही होत नाही. तो धान रोवतो, खाणीत उतरतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक लेकराच्या वेळी चारातला एक डाव माझ्यासारख्याचा असतो. माझे आईबाप दोघंही वाहक आहेत, हे त्यांना मी रात्रंदिवस रडायला लागल्यावर कळलं. नंदिनी थोडक्यात सुटली. मी नाही सुटले.

रंभाबाईंनी तो रिपोर्ट उलटा-सुलटा करून पाहिला आणि भरल्या घरात जाहीर केलं, "आमी मन मोठं केलं जी. पोरगी चांगली आहे, चालते आमाले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "मिथुनचा रिपोर्ट कुठी आहे मावशी?"

"पोराचा कायले?" रंभाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कोणालेच नाई तसलं. अन् पोराचा रिपोर्ट कोणी मांगते काय?"

खरंच कोणी मागत नाही. मुलीकडच्यांनी मुलाचा पगार विचारावा, प्लॉट विचारावा, दारूचंसुद्धा आडून विचारावं. रक्त विचारलं की त्याच्या खानदानाची अब्रू जाते. माझ्या आईने, कांताबाईने, सतरंजीवर माझा पाय दाबला. आणि नंदिनी, जिच्यासाठी मी बोलत होते, ती रात्री मला म्हणाली, "ताई, तू नको ना बोलत जाऊ प्रत्येक ठिकाणी. तुटून जाईल सगळं." तिला मिथुन आवडतो. तिच्या जागी मी असते तर मलाही आवडला असता. कमी बोलतो, फोनवर तिला 'जेवली काय' विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. फक्त आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. असल्या माणसाची मला कीव येते.

पाठीवर 'लग्नाआधी रक्त तपासा' छापून घेणाऱ्या घराने आपल्या पोराचं रक्त तपासलेलं नाही, आणि लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. मी जीपमध्ये बसायला तयार झाले ती एवढ्यासाठी.

त्या दिवशी धानाच्या बांध्यांवर धुकं इतकं होतं की बॅनर धरलेली पोरं दिसत नव्हती, नुसता बॅनर चालत येत होता. कॉलेजच्या गेटसमोर दीडेकशे लोक जमले होते. स्वेटरवर टी-शर्ट, कानाला मफलर, म्हणजे सगळेच गरोदर दिसत होते. रंभाबाईंनी लुगड्यावर स्वेटर आणि स्वेटरवर टी-शर्ट चढवला होता आणि हातात पत्रकांचा गठ्ठा धरला होता. पाहुणे उशिरा आले, गाडीतून उतरले, हिरवा झेंडा हलवला, फोटोग्राफर थकेपर्यंत चालले आणि पुन्हा गाडीत बसले. गाडी बंद होती, काच वर होती. माझी जीप उघडी होती, कारण बंद जीपमध्ये पेशंट दिसत नाही.

माझ्या गळ्यात त्यांनी पट्टा घातला होता, 'रुग्ण प्रतिनिधी'. शालीवरून घातला तर अक्षरं झाकली जात होती म्हणून एका पोराने शाल जरा खाली ओढायला सांगितली. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बॅनर धरायला गेला.

मिथुन पुढच्या ओळीत होता. बॅनरचा उजवा बांबू त्याच्याकडे. माझ्याकडे त्याने एकदाच वळून पाहिलं आणि मान खाली घातली. नंदिनी जीपच्या बाजूने चालत होती, एक हात कठड्यावर ठेवून. "ताई, लय थंडी वाजते काय?" ती अधूनमधून विचारायची. मी नाही म्हणायची. पाय आखडायला लागले होते, पण ते मी तिला सांगितलं असतं तर तिने जीप वळवायला लावली असती आणि रंभाबाईंची सुटका झाली असती.

घोषणा मात्र जोरात होत्या. 'सिकलसेल हटवा, देश वाचवा.' मी हात जोडून बसले होते आणि ते मला हटवत चालले होते. एक मास्तर चालता चालता जीपजवळ येऊन म्हणाले, "धीर सोडू नका." त्यांच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास येत होता. त्यांनी आपल्या पोराचं लग्न मागच्या मेमध्ये केलं, तेव्हाही रक्त फक्त सुनेचं तपासलं होतं. दोघांची आधार कार्डं आणि एकट्या सुनेचा रिपोर्ट माझ्याच दुकानात झेरॉक्स झाले.

अर्ध्या वाटेवर एक लहान गाव लागतं. तिथे धम्मदीपने आधीच निरोप धाडला होता. बाया रस्त्याच्या कडेला पाण्याचे पितळी गडवे घेऊन उभ्या होत्या. आमच्या झाडीपट्टीत दारात पाहुणा आला की आधी पायांवर पाणी. पाहुण्यांच्या गाडीची काच खाली आली, नमस्कार झाला आणि काच वर गेली. मग उरली मी. धम्मदीपने जीपच्या मागचं फळकूट खाली पाडलं आणि फोटोग्राफरला हाक मारली.

"ताई, पाय खाली सोडा. भारी फोटो येते."

पुढे आलेल्या बाईचं नाव नीलाबाई. तिने माझ्या बोटांना हात लावला आणि दचकली. "बाई, पाय तं बर्फ झाले तुमचे. थांबा, चुलीवर पाणी आहे माह्या, कोमट आणते."

"वेळ नाई बाई," धम्मदीप म्हणाला. "घाला हेच. फोटोत काय कळते, गरम का थंड."

त्या बाईचा काही दोष नव्हता. पाहुण्याचे पाय कोरडे ठेवून त्याला पुढे जाऊ देणं तिला जमलंच नसतं. दोष माझाही होताच, मला नाही म्हणता आलं असतं. नंदिनी म्हणालीसुद्धा, "नको घालून घेऊ ताई, तुले चालत नाई." पण रंभाबाई बाजूलाच उभ्या होत्या आणि मला मनात सगळं स्पष्ट दिसत होतं. मी इथे नखरे केले की धम्मदीप टेबलाजवळ म्हणणार, ताईंनी आपलं ऐकलं नाही, आता राहू द्या. म्हणून मी पाय पुढे केले. हापशाचं रात्रभर भरून ठेवलेलं पाणी घोट्यांवरून गेलं. फोटो चांगला आला. नंतर पेपरातही छापून आला, मी त्यात हसताना दिसते.

फेरी संपली ती वैनगंगेच्या रस्त्यावरच्या एका विहाराच्या आवारात. तिथे मंडप होता, स्टेज होतं, ब्लँकेटांचा प्लास्टिकमध्ये बांधलेला ढीग स्टेजवर रचला होता. एका कोपऱ्यात टेबल होतं. त्यावर सुया, छोट्या नळ्या, कापूस. मागे सुरज नावाचा लॅबवाला खुर्चीत बसून मोबाईल पाहत होता, कारण त्याच्यापुढे एकही माणूस नव्हता. दीडशेचे दीडशे लोक दुसऱ्या टोकाला होते. तिथे तर्री-पोहे होते. त्या रांगेत सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या आणि प्रत्येक पाठीवर लिहिलं होतं, लग्नाआधी रक्त तपासा.

"मिथुन कुठी आहे?" मी धम्मदीपला विचारलं.

"अरे, त्याची दुसरी पाळी आहे ना ताई. माजरीले पोचाचं आहे. पुढच्या आठवड्यात करून घेऊ आपण, घरीच बलावू लॅबवाल्याले."

रंभाबाई पोह्यांची प्लेट घेऊन आल्या. "खाऊन घे नूतन. पोरानं सकाळपासून बांबू धरला, थकला बिचारा. त्याचं रक्त कायले काढता आता?"

मिथुन विहाराच्या फाटकाजवळ मोटरसायकलला किक मारत होता. नंदिनी त्याच्याजवळ नुसती उभी होती. मला त्या सगळ्यांचा असा तिटकारा आला की उठून त्याच्या गाडीची चावी काढून घ्यावी असं वाटलं. मी जीपमधून उतरायला पाय टाकला आणि पाय राहिलाच नाही.

कळ आधी घोट्यात आली, मग नडगीत, मग गुडघ्यातून वर मांडीत. ज्यांना माहीत नाही त्यांना कसं सांगायचं? ओलं कापड दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं, तसं हाड पिळलं जातं, आणि पिळणाऱ्या दमत नाहीत. मी जीपच्या चाकाशी पडले. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. मी ओरडले. मला माझा आवाज ऐकू येत होता आणि त्याची लाज वाटत होती. दीडशे लोक वळले. इतका वेळ पट्टा घातलेला चेहरा पाहून हळहळत होते ते सगळे दोन पावलं मागे सरकले.

नंदिनी धावत आली. "गरम पाणी आणा कोणी तरी! अन् ब्लँकेट द्या एक!"

"स्टेजवरचे नका घेऊ," धम्मदीप म्हणाला. "वाटप व्हाचं आहे अजून, पाहुण्यायच्या हातानं."

हे तो खरंच बोलला. मरेपर्यंत विसरणार नाही.

स्टेजवर चढला तो मिथुन. त्याने वरचं प्लास्टिक दातांनी फाडलं, दोन ब्लँकेटं ओढली, मला त्यात गुंडाळून उचललं आणि विहाराच्या मागच्या खोलीत नेऊन सतरंजीवर ठेवलं. एवढी हलकी मी आहे हे त्याला माहीत नसावं, उचलताना त्याचा तोल गेला.

"असं कितीदा होते ताई?"

"टी-शर्टावर लिवलं नाई काय?" मी म्हटलं.

त्याने आपल्या छातीकडे खरंच पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं, मग नंदिनीकडे. आणि उठून बाहेर गेला.

दार उघडं होतं, मला टेबल दिसत होतं. तो सुरजसमोर बसला आणि बोट पुढे केलं. रंभाबाई पोह्यांची प्लेट घेऊन धावत गेल्या. "मिथुन, ऊठ. मी म्हणून राह्यली ना, ऊठ!" तो उठला नाही. आईचं न ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी. सुरजने थेंब घेतला, नळीत टाकला, हलवला. नळीच्या मागे काळ्या रेघांचा एक कागद धरतात. पाणी निवळ राहिलं तर रेघा दिसतात. त्यांनी सगळ्यांनी वाकून पाहिलं. थोड्या वेळाने सुरज म्हणाला, "रेघा दिसत नाई. गढूळ आहे. पक्का रिपोर्ट मोठ्या लॅबमधून येईल, पण वाहकच दिसते."

मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मांडी पिळली जात असतानाही वाटलं. सतरंजीवर दाबलेला पाय, 'मन मोठं केलं', सगळ्याचा वचपा निघाला.

रंभाबाईंनी दोन्ही हात कपाळावर मारले. "साक्षगंधाले एका ताटात जेवले हे दोघं! तवाच लागलं माह्या पोराले!" हा आजार एकमेकांपासून लागत नाही, असं ज्यावर ठळक छापलं होतं तो गठ्ठा अजून त्यांच्या काखेत होता. धम्मदीप म्हणाला, "आई, हळू बोल, पेपरवाला आहे." आणि स्वतः त्या टेबलापासून चांगला लांब उभा राहिला. त्याला दोन लेकरं आहेत. सख्ख्या भावाच्या नळीत काय निघालं ते त्याने पाहिलं होतं, आणि आता त्याला हसू येत नव्हतं.

मघाशी बाहेर गेलेली नंदिनी आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. तिने कुठून तरी गरम पाण्याची बाटली मिळवली होती. ती माझ्या पायांशी बसली, बाटली फडक्यात गुंडाळून नडगीला लावली. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, ताई, तुझं बरोबर होतं.

"झालं तुह्या मनासारखं?" ती म्हणाली.

"माह्या मनासारखं काय त्यात? तुले माहीत असलं पाहिजे म्हणून केलं. आता तू काय ते ठरव."

"मोडू म्हणते?"

"मी मोड म्हणाली काय? मोडू नको. पण दिवस गेले का तीन महिन्यात तपासता येते. डॉक्टर सांगतात ना, पोटातल्या पोटात समजते. वेळेवर गेलं तं काही अवघड नाई."

"काय समजते?"

"लेकरू चांगलं आहे का नाई ते."

"अन् नसलं तं?"

बाहेर माईकवर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. सिकलसेलमुक्त ब्रह्मपुरी, सिकलसेलमुक्त जिल्हा.

"सांग ना व ताई. तुह्यासारखी निघाली तं काढून टाकू?" तिचा आवाज चढला नव्हता. "लहान होती तवा तुह्याच कुशीत झोपत होती मी. माह्ये केस तू विंचरले, अभ्यास तू घेतला, अन् कॉलेजची फी तुह्या दुकानातून गेली. पाठीवर लिवून फिरलं सारं गाव, पण कोणी विचारलं नाई, म्हणून मी विचारते. आईनं तुले पोटातच तपासलं असतं, तं बरं झालं असतं काय? तू सांगशीन तसं मी करीन."

सगळ्यांसाठी माझ्याकडे उत्तर असतं. धम्मदीपसाठी होतं, रंभाबाईंसाठी होतं, खर्रावाल्या मास्तरांसाठीही होतं. मी तोंड उघडलं आणि कळ गुडघ्यातून कमरेपर्यंत चढली. मी तिचा दंड असा आवळला की नखं रुतली. तिने हात काढून घेतला नाही. मी तेव्हा मनातून त्या सगळ्या पिवळ्या पाठींच्या बाजूने होते. कोणाच्याही पोटी हे येऊ नये असं मला वाटत होतं, आणि हे म्हणजे मीच.

"आत्ता नको विचारू," मी म्हटलं. "आत्ता विचारशीन तं मी हो म्हणीन. दुखणं थांबलं का विचार."

"कवा थांबते?"

"माहीत नाई."

तिने डोळे पुसले आणि माझे दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले. दाराच्या फटीतून मिथुन पायरीवर बसलेला दिसत होता, पाठमोरा. माजरीला निघायची वेळ केव्हाच टळून गेली होती. नंदिनीने बाटली या पायावरून त्या पायावर केली, भिंतीला टेकली आणि दुखणं थांबायची वाट पाहत बसून राहिली.